चित्रात नाही ते लिहा

पाटणला आमच्या पोरांनी रेघांची साधी चित्रं काढली आणि त्यांखाली हायकू लिहिले. मला वाचायला दिले. मित्रांनो, खरं सांगतो, बरेचसे फसलेत.

का? चित्रात विहीर, हायकूतही विहीर. वर एक चंद्र चिकटवलेला. अरे, विहीर दिसतीच आहे की! मग तीन ओळी खर्ची कशाला घालायच्या?

जपानचा बुसोन (१७१६–१७८४) चित्रकार होता, कवीही होता. चित्र आणि हायकू एकाच कागदावर मांडायची तिथं रीत आहे, तिला हायगा म्हणतात. त्यात चांगला हायकू चित्राची री ओढत नाही. इस्सा (१७६३–१८२८) तर शेतकऱ्याचा पोर. त्यानं माश्यांवर, पिसवांवर लिहिलं. शिरीष पैंनी हायकू मराठीत रुजवला. पण तो चंद्र-फुलांचाच, हे कुणी ठरवलं?

एका पोरीनं मात्र त्याच विहिरीखाली लिहिलं :

दोर आहे, घागर आहे
आजी अजून
लांबच उभी

चित्रात आजी नाही. ती हायकूत आली आणि विहीर कुणाची ते कळलं. १९२७ साली बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर का गेले, तेही कळलं. घोषणा एकही नाही. 'अजून' हा शब्द काढून बघा, कविता मरते.

तेव्हा चित्र जरूर काढा. मग चौकटीबाहेर कोण उभं आहे ते बघा. त्याला तीन ओळींत आत घ्या.