साडेतीन ताऱ्यांची सवलत

बोरिवली किंवा मुलुंडच्या मल्टिप्लेक्समधून मराठी सिनेमा बघून बाहेर पडणाऱ्या घोळक्याचं बोलणं ऐका. ‘चांगला होता, पण...’ अशी सुरुवात होते आणि तो ‘पण’ तिथेच गिळला जातो. ‘जाऊ दे, मराठीत कुणी असं करतंय हेच खूप.’ वर्तमानपत्रातही साडेतीन तारे आलेले असतात. हीच मंडळी हिंदी सिनेमाची सालटी काढतात. अंधेरीत तर सोसायटीतलं कुणी ना कुणी त्या धंद्यात असतंच, त्यामुळे कुणाचा सिनेमा का आपटला हे लिफ्टमध्येच कळतं. मराठीची पाळी आली की मात्र सगळ्यांचे आवाज खाली येतात.

गेल्या वीसेक वर्षांत आपण डोक्यावर घेतलेल्या मराठी सिनेमांपैकी बऱ्याच सिनेमांचा मोठेपणा उसना आहे, असं माझं म्हणणं आहे. तो कधी पुरस्काराकडून आला, कधी गाजलेल्या नाटकाकडून, कधी इतिहासाकडून, कधी गल्ल्याकडून. पडद्यावर प्रत्यक्ष काय घडतंय ते बघायचं राहून गेलं.

सुरुवात ‘श्वास’पासून करावी लागते. १९५४ साली ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, त्यानंतर पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीत आला तो संदीप सावंत यांच्या या सिनेमामुळे. भारतातर्फे तो ऑस्करला गेला आणि तिथल्या प्रचारासाठी लोकांनी पैसे जमवले. वर्गणी दिलेल्या गणपतीच्या मूर्तीला कुणी नावं ठेवत नाही, तसं ‘श्वास’चं झालं. आजोबा नातवाला दवाखान्यातून बाहेर नेतात तो भाग आजही हलवतो. अरुण नलावडे यांचा चेहरा विसरता येत नाही. पण त्याआधी डॉक्टर, समाजसेविका, सही, संमती हे सगळं इतकं समजावून सांगितलं जातं, की आपण सिनेमा बघतोय की आरोग्य खात्याचं पत्रक वाचतोय अशी शंका येते. हे तेव्हा कुणी फारसं मोठ्याने म्हटलं नाही.

पुढे ही सवलत सरकारी पातळीवरही मिळाली. एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्यावा असा निर्णय झाला. आरडाओरड झाल्यावर सायंकाळी ६ ते ९ ऐवजी प्राइम टाइमची व्याख्याच दुपारी १२ ते रात्री ९ अशी ताणली गेली. मागणी रास्त होती. मराठी वस्तीतल्या पडद्यावर मराठी सिनेमाला सकाळी अकराचा एकुलता खेळ मिळणं ही चेष्टाच आहे. पण सिनेमा बघणं हे भाषेचं कर्तव्य ठरलं, की तो आवडणंही कर्तव्यात जमा होतं.

त्याच वर्षी दिवाळीत ‘कट्यार काळजात घुसली’ आला. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं १९६७ चं नाटक, जितेंद्र अभिषेकींचं संगीत, वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब. एवढी पुण्याई पाठीशी असताना टीका करायची कुणाची छाती? गाणी ऐकावीत अशीच आहेत, महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. माझं भांडण गोष्टीशी आहे. दोन घराण्यांच्या गायकीतला झगडा शेंदूर खाऊ घालण्यापर्यंत आणला, की प्रेक्षकाला गाणं ऐकून बाजू निवडावी लागत नाही. सज्जन कोण, दुर्जन कोण हे कटानेच ठरवून टाकलेलं असतं. मत्सर ही खरं तर संगीताच्या आतली गोष्ट, इथे ती फौजदारी होते.

याच्या शेजारी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ ठेवून पाहा. शरद नेरूळकर आयुष्यभर रियाज करतो, गुरूची सेवा करतो, रात्री रिकाम्या रस्त्यावर मोटारसायकल चालवत गुरूच्या गुरू माईंची व्याख्यानं ऐकतो, आणि तरीही मोठा गायक होत नाही. निष्ठा असली की सिद्धी मिळते हे आपलं लाडकं गृहीतक हा सिनेमा शांतपणे मोडतो. व्हेनिसला २०२० मध्ये त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडे तो २०२१ मध्ये थेट नेटफ्लिक्सवर आला. ‘कट्यार’वर सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात महिनाभर बोलणं चाललं होतं, याच्यावर दोन ओळीही नव्हत्या.

‘नटसम्राट’ची गोष्ट थोडी वेगळी. शिरवाडकरांचं नाटक १९७० चं, डॉ. श्रीराम लागूंनी गाजवलेलं. जानेवारी २०१६ मध्ये महेश मांजरेकरांनी नाना पाटेकरांना घेऊन सिनेमा केला आणि तुफान चालला. रंगमंचावरचं स्वगत शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचं असतं, म्हणून ते मोठं असतं. कॅमेरा नटाच्या पापणीपर्यंत गेलेला असताना तीच पट्टी लावली की अभिनयाचं प्रदर्शन होतं. गंमत म्हणजे सिनेमातला सर्वांत जिवंत प्रसंग मूळ नाटकात नाहीच. रुग्णालयात विक्रम गोखले यांचा रामभाऊ आणि नानांचे गणपतराव कर्ण-कृष्णाचा प्रवेश करतात, तेव्हा दोन म्हातारे नट एकमेकांशी बोलत असतात, प्रेक्षकांशी नाही. सिनेमाने उसनवारी सोडली तिथेच तो सिनेमा झाला.

इतिहासपटांबद्दल थोडक्यात. ‘फर्जंद’ २०१८ मध्ये आला, मग ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, ‘सुभेदार’. दिग्पाल लांजेकरांची चिकाटी मान्य. पण संगणकावरचा किल्ला कच्चा वाटला, असं म्हटलं की महाराजांविषयी बोलल्यासारखं होतं, आणि घोषणांच्या आवाजात संवाद कसे लिहिलेत ते ऐकूच येत नाही. महाराजांना या ढालीची गरज नाही. दिग्दर्शकांना मात्र ती सोयीची पडते.

आणखी एक पवित्र गाय, जरा जुनी, ‘अशी ही बनवाबनवी’. १९८८ चा सिनेमा, हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेला. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचं टायमिंग वादातीत आहे. पण सलग बसून बघा. उत्तरार्धात गाणी आणि प्रेमप्रकरणं गोष्टीला चिखलात रुतवतात. आपल्या आठवणीत आहेत ते दहा-बारा प्रसंग, टीव्हीने आणि मीम्सनी वेगळे काढून दिलेले. त्या प्रसंगांना शंभर गुण द्या, सिनेमाला सत्तर.

ज्यांना उगाच डोक्यावर घेतलंय असं म्हटलं जातं, अशा दोन सिनेमांची बाजू मात्र मी सोडणार नाही. ‘सैराट’बद्दल घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत एकच तक्रार ऐकू येते, पूर्वार्ध फार लांबला, नुसती गाणी. २९ एप्रिल २०१६ ला आलेला हा सिनेमा शंभर कोटींच्या घरात गेलेला पहिला मराठी सिनेमा ठरला, त्यामुळे गल्ल्यानेच त्याला मोठं केलं असाही समज आहे. पण नागराज मंजुळे यांनी पूर्वार्ध मुद्दाम नेहमीच्या प्रेमकथेसारखा ठेवलाय. प्रेक्षक ‘झिंगाट’वर नाचला नाही, तर शेवटी निःशब्द पडद्यावर लहान मुलाची रक्ताळलेली पावलं त्याला इतकी लागणार नाहीत. अतिरंजित झाली ती त्याची नक्कल, २०१८ चा हिंदी ‘धडक’.

‘कोर्ट’बद्दलची तक्रार उलटी, ‘काही घडतच नाही’. नारायण कांबळे या शाहिरावरचा खटला रेंगाळत राहतो आणि मध्येच कॅमेरा सरकारी वकील बाईंबरोबर घरी जातो. गीतांजली कुलकर्णींची ही नूतन लोकलमध्ये साडीबद्दल बोलते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते, सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जाते आणि परप्रांतीयांवरच्या विनोदांना दाद देणाऱ्या प्रेक्षकांत बसते. ती तुमच्याआमच्या मजल्यावरची आहे. उपनगरातल्या मराठी मध्यमवर्गाचं इतकं बिनचूक चित्र दुसऱ्या कुठल्या सिनेमात मी पाहिलेलं नाही. त्यातच आपल्याला ‘काही घडत नाही’ असं वाटलं, हा दोष सिनेमाचा म्हणता येणार नाही. दोष असलाच तर त्याच्यामागून आलेल्यांचा. कॅमेरा एका जागी रोवून ठेवला की महोत्सवात वर्णी लागते, हा समज ‘कोर्ट’च्या यशाने पसरवला.

‘बाईपण भारी देवा’पाशी माझं मन द्विधा होतं. ३० जून २०२३ ला केदार शिंदे यांचा हा सिनेमा आला आणि भरदुपारच्या खेळांना नऊवारी नेसलेल्या, गजरे माळलेल्या बायकांनी उपनगरातली थिएटरं भरून गेली. पुरुषांनी त्याला भाबडा म्हटलं. भाबडा तो आहेच. सहा बहिणी, प्रत्येकीला एकेक दुःख, आणि मंगळागौरीच्या स्पर्धेपर्यंत सगळ्या दुःखांची पद्धतशीर विल्हेवाट. पटकथा म्हणून ती मालिकेच्या भागांसारखी चालते. पण पन्नाशीच्या बायका मध्यवर्ती असलेला, त्यांनीच त्यांच्या मैत्रिणींना घेऊन बघायचा सिनेमा त्याआधी त्यांना किती वेळा मिळाला होता? थिएटरातल्या टाळ्या दुपारी घराबाहेर पडण्याला होत्या. समीक्षकांनी त्या सिनेमाच्या खात्यात टाकल्या, हा हिशेबाचा घोळ.

सवलतीने मराठी सिनेमाचं भलं झालं असं मला दिसत नाही. साडेतीन तारे सगळ्यांनाच मिळाले की ‘डिसायपल’ आणि चार महिन्यांत टीव्हीवर विसरला जाणारा विनोदी सिनेमा एकाच ओळीत बसतात, आणि मेहनत कुणी का करावी हा प्रश्न दिग्दर्शकाला पडतो. तेव्हा पुढचा मराठी सिनेमा लागला की तिकीट काढून जरूर जा, मिळाला तर संध्याकाळच्या खेळाला जा. आणि आवडला नाही, तर मध्यंतरात समोशाच्या रांगेतच तसं मोठ्याने म्हणा.