‘वीसपट’ कशाची?

ग्राफीनचा एक थर आपल्यावर लंब पडणाऱ्या दृश्य प्रकाशापैकी सुमारे २.३ टक्के प्रकाश शोषून घेतो, हे मँचेस्टर येथील संशोधकांनी २००८ साली मोजून दाखविले. एका अणूइतक्या जाडीच्या पदार्थास हे प्रमाण थोडे नव्हे. परंतु प्रकाशसंवेदक घडवू पाहणाऱ्यास ते अपुरे पडते. म्हणून ग्राफीनवर सोन्याच्या अतिसूक्ष्म रचना बसवितात. त्यांतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर आंदोलित होतात आणि प्रकाशाचे विद्युत्क्षेत्र रचनेच्या अगदी निकट एकवटते.

या विषयावरील लेखनात ‘वृद्धी’ हा शब्द पदोपदी येतो. आमचा आक्षेप त्याच्या वापराला आहे. केंब्रिज व मँचेस्टर येथील संशोधकांच्या २०११ सालच्या निबंधात अशा रचनांमुळे संवेदकाची कार्यक्षमता २० पटींपर्यंत वाढू शकते, असे नमूद आहे. त्याच्या शीर्षकातील वृद्धी प्रकाशजन्य विद्युद्दाबाची आहे, शोषणाची नव्हे. तेव्हा मूळ लेखकांकडे दोष जात नाही. पण हाच आकडा ‘ग्राफीनचे शोषण २० पट’ असा उद्धृत केल्यास विद्यार्थी २.३ ला २० ने गुणून ४६ टक्के हे उत्तर काढणार. ते चूक आहे. क्षेत्र एकवटते ते पी-एन संधीच्या परिसरात, आणि विद्युद्दाबही तेथेच उपजतो. संपूर्ण थराच्या शोषणाविषयी त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. शिवाय सोने स्वतःही प्रकाश शोषते, ही गोष्ट अशा उद्धरणात सहज गळून पडते.

याच्या उलट उदाहरण व्हिएन्ना येथील २०१२ सालच्या प्रयोगाचे. तेथे ग्राफीन दोन परावर्तकांमधील सूक्ष्म पोकळीत ठेवले होते. शोषण २६ पट वाढून ६० टक्क्यांच्या वर गेले. येथे गुणाकार जवळजवळ जुळतो, कारण वाढले ते शोषणच.

दोष केवळ इंग्रजीचा आहे असे मानण्याचे कारण नाही. मराठीतील ‘ग्राफीनचे शोषण’ या प्रयोगात षष्ठी कर्त्याची की कर्माची, हे रूपावरून कळत नाही. (सामान्य वाचकास तर येथे ग्राफीनवर अन्याय होत असल्याचा भास व्हावा!) ‘शोषण-वृद्धी’ या समासात कर्ता अजिबातच लोपतो. ‘ग्राफीनने शोषलेला प्रकाश’ असा तृतीयान्त कर्ता योजल्यास वाक्य किंचित लांबते; पण मग सोन्याने किती शोषला, हेही लेखकास त्याच परिच्छेदात सांगावे लागते.