कानासाठी लिहायचं कुणी?

मराठी पॉडकास्टला आज पाहुण्यांची वाण नाही, माईकही चांगले आहेत. नाही तो लेखक. ‘थिंक बँक’, ‘अमुक तमुक’ यांसारखे गाजलेले कार्यक्रम मुख्यतः मुलाखतींचे आणि गप्पांचे, आणि एकूणच हा सगळा व्यवहार कॅमेऱ्यासमोर चालतो. मग कुठेतरी पाहुणा टेबलावरचा जुना फोटो उचलून ‘हे बघा’ म्हणतो, दोघं हसतात, आणि इअरफोन लावून भाजी निवडणाऱ्या बाईंच्या वाट्याला नुसती शांतता येते. चूक छोटी, पण ऐकणारा कुणाच्या हिशेबातच नाही, हे तिच्यातून कळतं.

इथे नेवाशाची आठवण काढायची ती भक्तीसाठी नव्हे, कारागिरीसाठी. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, प्रवरेकाठच्या या गावी ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली. आधी उच्चार, मग अक्षर. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा; दर ओवीला ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. दृष्टांतावर दृष्टांत येतात, कारण कानाला पान मागे उलटता येत नाही. एक निसटला तर दुसरा हाती लागावा. नववा अध्याय सुरूच होतो तो श्रोत्यांकडे अवधान मागून. विषय लांबला तर त्यांची समजूतही काढली जाते. श्रोता मजकुराच्या आतच बसलेला आहे.

यावर कुणी म्हणेल, तिथे माणसं समोर होती, पॉडकास्टचा श्रोता अदृश्य. बरोबर, पण रेडिओचाही अदृश्यच होता. आकाशवाणीच्या पुणे केंद्रासाठी 1955-56 मध्ये गदिमांनी लिहिलेल्या ‘गीतरामायणा’तल्या 56 गीतांपैकी बहुतेक कुणा ना कुणा पात्राच्या तोंडी आहेत, त्यामुळे कोण बोलतंय हे दाखवायला पडदा लागत नाही. रेडिओवरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालिकेतले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी निव्वळ आवाजावर घरोघरी ओळखीचे झाले. श्रुतिका लिहिणाऱ्याला संवादातूनच दार, अंगण, माणसांतलं अंतर उभं करावं लागे. ती विद्या आपल्याकडे होती. आपण ती जुन्या रेडिओबरोबर माळ्यावर टाकली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: लिहिलेलं बोललं की लाकडी होतं, गप्पांत जिवंतपणा असतो. पण लाकडी होतं ते डोळ्यांसाठी लिहिलेलं. ‘प्रवरेच्या काठी वसलेल्या, ज्ञानेश्वरीचे जन्मस्थान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नेवाशातील मंदिरात असलेला खांब’ हे छापायला ठीक. ऐकताना खांब येईपर्यंत नदी विसरलेली असते. ‘नेवाशात एक दगडी खांब आहे. त्याला टेकून ज्ञानदेव बोलले, असं लोक मानतात. मंदिर त्या खांबाभोवती उभं आहे.’ हेही लिहिलेलंच आहे. आणि कीर्तनकार उत्तररंगात कितीही रंगला तरी आख्यानाचा सांगाडा त्याने आधीच पक्का केलेला असतो. उत्स्फूर्तपणा त्यावर चढतो.

खरी अडचण पैशाची आहे, आणि ती खोटी म्हणता येत नाही. गप्पांचा भाग एका बैठकीत उरकतो, लिहिलेल्या भागाला दिवसच्या दिवस लागतात. ‘स्टोरीटेल’ हे ऑडिओबुकचं ॲप 2017 मध्ये मराठीत आलं, तेव्हा खास ऐकण्यासाठी लिहिलेल्या मालिका निघाल्या, कारण लिहिण्याचे पैसे मिळत होते. कॅमेरा, दिवे, संकलन यांचा खर्च निर्माते आजही मुकाट्याने धरतात. लेखनाचा रकाना मात्र बहुधा खर्चाच्या कागदावर नसतोच.