थर्मामीटरने मोजलेले चुंबकत्व

२०२५ मध्ये मिल्स आणि चिल्टन यांच्या गटांनी एका रेणूचे हिस्टेरिसिस, म्हणजे बाहेरच्या क्षेत्रामागे चुंबकत्वाचे रेंगाळणे, १०० केल्विनपर्यंत नेले आणि रेण्वीय चुंबकांच्या जगात जल्लोष झाला. रसायन देखणे आहे, यात शंका नाही. डिस्प्रोसियमच्या दोन बाजूंना दोन अमाइड, जवळजवळ एका सरळ रेषेत, आणि कुशीला अल्कीनचा टेकू. चुंबकत्व उलटण्याच्या आड येणारा ऊर्जेचा अडथळा १,८४३ प्रति सेंटिमीटर. असा रेणू घडवायला हाताचे कौशल्य लागते आणि बुद्धीही. पण हे हिस्टेरिसिस सॉफ्ट आहे, असे लेखकांनी स्वतः शीर्षकातच सांगितले आहे. म्हणजे एवढ्या तापमानाला बाहेरचे क्षेत्र शून्यावर आणले की वक्राची कंबर मिटत जाते आणि स्मृती फारशी उरत नाही. कौतुक करणाऱ्यांनी आकडा उचलला आणि ही अट मागे टाकली. मला चीड आली ती याची.

१९९३ मध्ये सेसोली, गात्तेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मँगनीजच्या १२ आयनांचा गुच्छ एकट्याने चुंबकासारखा वागतो हे दाखवले, तेव्हा प्रश्न स्मृतीचाच होता: २ केल्विनला त्याचे चुंबकत्व विरायला महिने लागत. तीन वर्षांनी त्याच स्फटिकाच्या हिस्टेरिसिसमध्ये क्वांटम टनेलिंगच्या पायऱ्या दिसल्या. त्या वक्राइतके सुंदर या विषयात मी आजवर काही पाहिलेले नाही. नंतर मोठ्या स्पिनचा हव्यास आला. मँगनीजच्या १९ आयनांत ८३/२ एवढा स्पिन साठवला गेला, अडथळा मात्र नगण्यच राहिला. त्याआधीच, २००३ मध्ये, इशिकावाने दोन थॅलोसायनिनांमध्ये टर्बियमचा एकच आयन बसवून त्या हव्यासाबाहेरची वाट दाखवली होती. 

एका आयनाच्या या मार्गाने मग अडथळा हेच दैवत मानले. ते दैवत पावत नाही, हे २०१६ मध्येच कळायला हवे होते. त्या वर्षी दोन अल्कॉक्साइड आणि पाच पिरिडीन यांच्यात धरलेल्या डिस्प्रोसियमने १,८१५ केल्विनचा अडथळा गाठला, पण चुंबकत्व गोठले ते सुमारे १४ केल्विनला. पुढच्या वर्षी दोन सायक्लोपेंटाडायनिलांमधल्या डिस्प्रोसियमचा अडथळा किंचित कमीच, १,७६०, तरी हिस्टेरिसिस ६० केल्विनपर्यंत. अडथळा तोच, तापमान चौपट. रेणूची कंपने स्पिनची ऊर्जा कशी पळवतात यावर सगळे अवलंबून आहे, हे या जोडीने सिद्ध केले. २०१८ मध्ये लेफील्डच्या गटाने ८० केल्विन गाठून द्रव नायट्रोजनची ७७ ची रेषा ओलांडली. त्यानंतर मात्र बहुतेकांनी कंपनांचा अभ्यास सोडून सायक्लोपेंटाडायनिलच्या वलयावरचे गट बदलायला घेतले.

मला खरी आशा वाटते ती दुसऱ्या मार्गाची. त्यात स्पिन एकमेकांशी घट्ट बांधलेले असतात. २०११ मध्ये लाँग आणि इव्हान्स यांनी नायट्रोजनच्या रेणूवर तीन ऋणभार चढवून तो दोन लँथनाइडांच्या मधोमध ठेवला. त्या पुलावरचा एकटा इलेक्ट्रॉन दोन्ही आयनांना इतका आवळून धरतो की टनेलिंगला वाव उरत नाही. २०२२ मध्ये लाँगच्या गटाने नायट्रोजनचा पूलही काढून टाकला: दोन डिस्प्रोसियममध्ये थेट बंध आणि त्यात सामायिक इलेक्ट्रॉन. या रेणूचे चुंबकत्व पुसायला ६० केल्विनखाली १४ टेस्लाहूनही अधिक उलटे क्षेत्र लागते. १०० केल्विनच्या मऊ वक्रापेक्षा मी हा आकडा मोठा मानतो, कारण तो चुंबकाच्या धारणेचा आहे.

आणि या मार्गाने रेणूची चौकट ओलांडली की काय होते ते बघा. व्हॅनेडियम आणि टेट्रासायनोएथिलीन यांचा १९९१ मधला चुंबक खोलीच्या तापमानालाही चुंबकच होता. १९९५ मध्ये व्हर्दागे यांच्या गटाने प्रशियन ब्लूच्या घराण्यातल्या व्हॅनेडियम-क्रोमियम संयुगाचे क्युरी तापमान ३१५ केल्विनवर नेले. मग २०२० मध्ये क्लेराक आणि पेडरसन यांच्या गटांनी क्रोमियम आणि पायराझीन यांचे आधी विणलेले जाळे लिथियमच्या मदतीने क्षपित केले. जादाचे इलेक्ट्रॉन पायराझीनवर गेले, पायराझीन स्वतः स्पिनधारी झाले आणि शेजारच्या क्रोमियमशी उलट दिशेने घट्ट जुळले. क्युरी तापमान २४२ अंश सेल्सियस! खोलीच्या तापमानाला कोअर्सिव्हिटी, म्हणजे चुंबकत्व पुसायला लागणारे उलटे क्षेत्र, ७,५०० अर्स्टेड. लिगँडला, म्हणजे धातूच्या आयनाला जोडलेल्या रेणूला, आयनाची कुबडी न मानता बरोबरीचा भागीदार मानले, म्हणून हे घडले. शंभर केल्विनवर टाळ्या वाजवणाऱ्यांना उणे १७३ अंश आणि अधिक २४२ अंश यांतला फरक दिसत कसा नाही?

मला माहीत असलेले उत्तर असे, की एक रेणू हाच माहितीचा एक बिट झाला पाहिजे, जाळे तिथे चालत नाही. ठीक आहे. मग तो रेणू हवेत तरी टिकवा. विक्रमी डिस्प्रोसोसेनियम, म्हणजे दोन सायक्लोपेंटाडायनिलांमधल्या डिस्प्रोसियमचे रेणू, हवेचा स्पर्श होताच मोडतात. पवईच्या आयआयटीत मुरुगवेल आणि राजारामन यांच्या गटांनी २०१६ मध्ये केलेला डिस्प्रोसियमचा रेणू मला म्हणूनच मोलाचा वाटतो. टोकांना फॉस्फोनिक डायअमाइड, कमरेभोवती पाण्याचे पाच रेणू, आणि उघड्या हवेत तो शाबूत राहतो. विक्रमांच्या उतरंडीत त्याचे नावही निघत नाही, हा त्या उतरंडीचा दोष आहे.

ज्या देशात कृष्णन यांनी १९३० च्या दशकात स्फटिकांची चुंबकीय दिशासापेक्षता मोजली आणि भटनागर-माथुर यांनी १९३५ मध्ये मॅग्नेटोकेमिस्ट्रीवर ग्रंथ लिहिला, तिथल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला मिल्स-चिल्टन यांच्या लिगँडवर आणखी एक मिथिल चढवायला लावणे मला मान्य नाही. डिस्प्रोसियम आणि टर्बियम यांच्या निर्यातीवर चीनने एप्रिल २०२५ मध्ये परवान्याची अट घातली. क्रोमियम आपल्या ओडिशातल्या सुकिंद्याच्या खाणीत आहे. विद्यार्थ्याच्या हाती तो द्या, स्पिनधारी लिगँड बनवायला शिकवा, आणि नियतकालिकांनी हिस्टेरिसिसचे तापमान छापताना शेजारीच क्षेत्र बदलण्याचा वेग, कोअर्सिव्हिटी आणि चुंबकत्व १०० सेकंद टिकेल ते तापमान छापण्याची सक्ती करावी. हे तीन आकडे नसतील तर निबंध परत पाठवावा.