विश्वास, कर्म आणि पंडिता रमाबाईंची साक्ष

(परभणी येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, हा तर चर्चमधला वाद, तो परभणीत इतक्या वेगवेगळ्या श्रोत्यांपुढे कशाला? पण प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. माणूस तरतो कशानं? हातून घडलेल्या चांगल्या कामांनी, की देवाच्या कृपेनं? वारकऱ्यांनी यावर विचार केला, सुफींनी केला. ख्रिस्ती जगात मात्र यावरून चर्च दुभंगलं. मी आज हा प्रश्न एका छोट्या पुस्तकातून वाचणार आहे. पंडिता रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत आपल्या श्रद्धेची हकिगत लिहिली. आपल्याकडे ती ‘माझी साक्ष’ म्हणून ओळखली जाते.

आधी मूळ वाद थोडक्यात सांगतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो, की माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासानं, नियमशास्त्रातली कर्मं पाळून नाही. याकोबाच्या पत्रात जवळजवळ उलट सूर आहे, कर्मं नसतील तर विश्वास मेलेला समजावा. गंमत बघा, दोघंही दाखला देतात तो अब्राहामाचाच. उत्पत्तीच्या पुस्तकातलं वाक्यसुद्धा दोघांनी तेच घेतलंय. पण पौल बघतो तो अब्राहामानं देवाच्या वचनावर विश्वास ठेवला तो क्षण, आणि याकोब बघतो तो पोटचा मुलगा अर्पण करायला निघालेला अब्राहाम. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरनं पौलाची बाजू उचलली. पापाची शिक्षा माफ झाल्याची पत्रं पैसे घेऊन दिली जात होती, त्याविरुद्ध तो १५१७ साली उभा राहिला. कॅथलिक चर्चनं ट्रेंटच्या परिषदेत १५४७ साली उत्तर दिलं, की सुरुवात कृपेनंच होते, पण माणसाच्या सहभागाला आणि कर्मांना त्यात जागा आहे. पुढे साडेचारशे वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, जर्मनीत ऑग्सबर्गला दोन्ही बाजूंनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तारण कृपेचं, ते विश्वासानं घ्यायचं, आणि सत्कर्मं ही त्याची फळं, एवढं दोघांनाही मान्य झालं.

आता रमाबाईंचं पुस्तक बहुतेक वेळा याच वादाचा मराठी अध्याय म्हणून वाचलं जातं. आधी कर्मात अडकलेली बाई, मग विश्वासानं सुटलेली बाई. हे वाचन चूक आहे असं मी म्हणत नाही, पण ते अपुरं आहे. कारण रमाबाईंचं ‘कर्म’ ल्यूथरचं नाही.

त्यांचं बालपण आठवा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. बायकोला आणि मुलीला त्यांनी संस्कृत शिकवलं, हीच त्या काळात मोठी गोष्ट. सगळं कुटुंब पायी तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडायचं. उपास, स्नानं, दानं, ब्राह्मणभोजनं चालू. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात हातचा पैसा संपला, दागिने गेले. देव प्रसन्न होईल म्हणून व्रतं चालूच राहिली. आई, वडील, थोरली बहीण, तिघंही गेली. रमाबाईंच्या लेखी कर्म म्हणजे हे, पुण्याचा हिशेब. आणि हिशेब चोख ठेवूनही माणसं उपाशी मेली.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पुढे कोलकात्यात त्यांनी धर्मशास्त्रं वाचली. त्या लिहितात त्याचा मथितार्थ असा, की ही शास्त्रं एकमेकांशी प्रत्येक बाबतीत भांडतात, पण बाई आणि शूद्र हलके, त्यांना स्वतःच्या बळावर मोक्ष नाही, यावर सगळ्यांचं एकमत. म्हणजे ल्यूथरचा प्रश्न होता, ‘मी पुरेसा चांगला आहे का?’ रमाबाईंचा प्रश्न त्याच्या एक पायरी अलीकडचा आहे, ‘मला या रांगेत उभं राहायची तरी परवानगी आहे का?’ हा अधिकाराचा प्रश्न आहे. ज्याला कर्माचाच अधिकार नाही, त्याला कर्म की विश्वास हा वाद कसला घालताय?

हे कळायला आपल्याला लांब जायला नको. गंगाखेडची जनाबाई आपलीच. दळण-कांडण करणारी दासी. तिच्या परंपरेत विठ्ठल स्वतः येऊन जात्याला हात लावतो. त्यासाठी तिनं कुठलं अनुष्ठान केलं नव्हतं, आणि तिचं काम हे मोक्षाचं भाडंही नव्हतं. आता जनाबाईचा विठ्ठल आणि रमाबाईंचा ख्रिस्त एकच, असं गुळगुळीत विधान मी करणार नाही. रमाबाईंनाच ते पटलं नसतं! पण पात्रता न विचारता येणारा देव ही कल्पना या मातीला परकी नव्हती, एवढं तरी मान्य करावं लागतं.

आता पुस्तकातला क्रम नीट बघा. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या. त्या भगिनींनी लंडनमध्ये फुलहॅमला समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी घर चालवलं होतं. ते पाहून त्या चकित झाल्या. ज्यांना आपल्याकडे हाकलून देतात त्यांना ही माणसं जवळ कशी घेतात, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. म्हणजे त्यांना ख्रिस्ताकडे आणलं ते कर्मानं, दुसऱ्यांच्या कर्मानं! २९ सप्टेंबर १८८३ रोजी बाप्तिस्मा झाला. आणि मग आठेक वर्षांनी त्या म्हणतात, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तोवर १८८९ साली शारदा सदन उघडून झालं होतं, विधवांना आसरा मिळाला होता. एवढं काम उभं असताना ही बाई म्हणते, माझं तारण या कामानं होत नाही.

इथं एखाद्याला वाटेल, मग काम ढिलं पडलं असेल. झालं उलटं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, आणि शतक बदलताना तिथं दोन हजारांच्या आसपास माणसं होती. स्वतःच्या तारणाची चिंता संपली, म्हणून हात दुसऱ्यासाठी मोकळे झाले. माझ्या मते या पुस्तकाचं बळ इथं आहे.

पण समीक्षा करायची तर इथंच थांबता येत नाही.

१८९५ साली लोणावळ्याच्या एका प्रार्थना मेळाव्यात रमाबाईंबरोबर त्यांच्या पंधरा मुली होत्या, ख्रिस्ती झालेल्या. त्या वेळी त्यांनी प्रार्थना केली, की या पंधराच्या पंधरापट होऊ देत. म्हणजे सव्वादोनशे. पुढे दुष्काळातल्या मुली आल्या, तेव्हा त्यात या प्रार्थनेचं उत्तर पाहिलं गेलं. मंडळी, मला हा आकडा टोचतो. जिनं पुण्याचा हिशेब फेकून दिला, तिच्या अंगणात हा दुसरा हिशेब आला कुठून? स्वतःच्या तारणासाठी कर्म मोजायचं नाही, पण दुसऱ्याचं तारण मोजायचं? आणि ज्या मुलीसमोर अन्नाचं ताट आहे, डोक्यावर छप्पर आहे, तिला ‘नाही’ म्हणायची मोकळीक किती? १८९३ साली पुण्यात हाच वाद पेटला होता. बाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, मुली येऊन बसायच्या. रानडे-भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून घेतल्या. उघड्या दाराचं समर्थन मी करीन. पण दुष्काळातल्या मुलीला दुसरं दारच नव्हतं, हेही विसरू नका. कृपा फुकट असेल, तर भाकरीही फुकटच हवी. तिची किंमत विश्वासात घ्यायची नाही.

आता या टीकेची दुसरी बाजू. ‘पोटासाठी धर्म बदलला’ हा टोमणा मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसानं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलाय. शेजारी जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं, तिथं आलेली माणसं मोठ्या प्रमाणात महार-मांग समाजातली. त्यांच्या विश्वासाची शुद्धता तपासणारे आपण कोण? आपल्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात जा, कुठल्याही देवळात जा. नोकरी लागू दे, लेकरू बरं होऊ दे, असा नवस बोलणाऱ्याला कुणी म्हणतं का, की तुझी श्रद्धा खोटी? भरल्या पोटाच्या माणसाची मागणी श्रद्धा ठरते आणि उपाशी माणसाची लबाडी, हा न्याय मला मान्य नाही. देणाऱ्यानं अट घालू नये. घेणाऱ्याच्या मनात डोकावायचा हक्क मात्र कुणालाच नाही.

शेवटचा मुद्दा. मुक्तीमध्ये ‘कृपा सदन’ नावाचं एक घर होतं, फुलहॅमला पाहिलं तसं, समाजानं टाकलेल्या स्त्रियांसाठी. नाव बघा. पौल आणि याकोब यांचा वाद रमाबाईंनी कुठल्या प्रबंधात सोडवला नाही. त्यांनी एका इमारतीला कृपेचं नाव दिलं, आणि आत येणाऱ्या बाईची पात्रता विचारली नाही. पंधरापटीच्या प्रार्थनेपेक्षा ही पाटी त्यांच्या विश्वासाची जास्त खरी साक्ष आहे, असं माझं मत आहे. तुम्ही मतभेद ठेवावा.

श्रोत्यांतून प्रश्न: सर, मग विश्वास नसलेला पण चांगला माणूस तरतो की नाही?

उत्तर: हा निकाल द्यायला मी बसलेलो नाही, आणि कुणी बसूही नये. पण मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय घरी जाऊन वाचा. शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा काही जणांना सांगतो, की मी भुकेला होतो, तुम्ही मला जेवू घातलंत. ते गोंधळून विचारतात, कधी बुवा? आम्हाला तर आठवत नाही. त्यांनी हिशेबच ठेवला नव्हता. आणि आत घेतलं जातं ते त्यांनाच.