शब्दवेध आणि अंधार : मृगयावर्णनांतील ओळखीचा प्रश्न

१

विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त महाकाव्याचे जे वर्ण्यविषय सांगितले आहेत, त्यांत मृगयेचा समावेश आहे. शास्त्रात नाव आल्यामुळे मृगयावर्णन हा एक ठराविक उपचार ठरला, आणि त्याचे परीक्षणही बहुधा अलंकार, वृत्त व स्वभावोक्ती यांच्या अंगानेच होत आले. तथापि या वर्णनांना जोडणारा एक प्रश्न असा आहे की तो अलंकारविवेचनाच्या कक्षेत मावत नाही. धनुर्धराच्या पुढ्यात काय आहे हे त्याला बाण सुटण्यापूर्वी कळले की नंतर, हा तो प्रश्न होय. तलवार किंवा भाला चालविणाऱ्याला भक्ष्याजवळ जावे लागते. बाण दुरून सुटतो आणि सुटल्यावर परत घेता येत नाही. दिवसा हे अंतर डोळा भरून काढतो. रात्री ते तसेच राहते.

रानडुकराची शिकार हे या फरकाचे चांगले उदाहरण आहे. हे जनावर दिवसाच्या उन्हात डबक्याच्या चिखलात लोळते आणि अंधार पडल्यावर चरावयास व पाण्यावर येते. त्याच्या पाठीमागे दिवसा जाणाऱ्या शिकाऱ्याला माग वाचावा लागतो. रात्री पाणवठ्यावर दबा धरणाऱ्याला केवळ कानावर विसंबावे लागते. या दोन रीतींतून संस्कृत कवींनी दोन निरनिराळ्या प्रकारची कथावस्तू घडविली आहे. वराहाची मृगया त्यांनी बहुशः दिवसाच्या उजेडात रंगविली, आणि रात्रीच्या पाणवठ्यावरील शिकारीतून त्यांना शोककथा सापडली. ही विभागणी आकस्मिक नाही.

२

‘रघुवंशा’च्या नवव्या सर्गातील दशरथाची वराहमृगया प्रथम पाहावी. डबक्याच्या चिखलातून उठून पळालेल्या कळपाचा मार्ग राजाने धरला, तो दोन खुणांवरून: तोंडातून गळालेले मुस्तेचे, म्हणजे नागरमोथ्याचे, कोंब आणि ओल्या पावलांच्या लांबच लांब रांगा. पुढच्या श्लोकात आयाळ उभारून उलटू पाहणारे वराह आहेत. ज्या झाडांना ते मागच्या अंगाने टेकले होते, त्याच झाडांशी बाणांनी आपण खिळले गेलो आहोत, हे त्यांना कळलेच नाही. येथे राजा सर्व जाणतो आणि वराह काहीच जाणत नाहीत. अज्ञान संपूर्णपणे भक्ष्याच्या बाजूला आहे.

राजाच्या या जाणतेपणाला कालिदासाने नैतिक अर्थही दिला आहे. हरिणाला आड घालून हरिणी उभी राहिली, तेव्हा स्वतः प्रेमिक असलेल्या राजाने आकर्ण ओढलेला बाण उतरविला. इतर हरिणांच्या भ्यालेल्या डोळ्यांत त्याला प्रियेच्या नेत्रांची आठवण झाली आणि त्याची मूठ सैल पडली. दिसले म्हणून थांबता आले, इतका हा साधा कार्यकारणभाव आहे. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात तपस्वी आडवे येतात आणि दुष्यंत बाण आवरतो, दुसऱ्या अंकात तो मृगयाच थांबवितो आणि वराहांनी डबक्यात निर्धास्तपणे मुस्ता उकरावी असे म्हणतो. ‘रघुवंशा’त पळणाऱ्या कळपाच्या तोंडून गळालेले मुस्तेचे कोंब येथे त्या कळपाला परत मिळतात.

मृगयेच्या समर्थकांचा युक्तिवादही दृष्टीवरच उभा आहे. मनूने मृगयेची गणना कामज व्यसनांत केली. कौटिल्यानेही ते व्यसनच मानले. परंतु द्यूताशी तुलना करताना व्यायाम, चल व स्थिर लक्ष्याचा अभ्यास आणि भय व क्रोध यांच्या वेळच्या पशुचित्ताचे ज्ञान, हे तिचे गुण सांगितले. दुष्यंताचा सेनापती जवळजवळ हेच बोलतो. हे समर्थन ग्राह्य मानले तरी ते दिवसाच्या शिकारीलाच लागू पडते. जो केवळ ध्वनीवर बाण सोडतो, त्याला पशूच्या चित्ताचे काय ज्ञान होणार? त्याला तेथे पशू आहे, एवढेदेखील निश्चित ठाऊक नसते.

भारवीने ‘किरातार्जुनीया’च्या तेराव्या सर्गात हा विषय वेगळ्या वळणावर नेला. मूक नावाचा दानव वराहरूपाने अर्जुनावर चालून येतो. अर्जुन लगेच बाण सोडीत नाही. हा खरोखर पशू आहे की कोणी वैरी, याचा तो दीर्घ विचार करतो, आणि आपल्या मनाचा क्षोभ हीच शत्रुत्वाची साक्ष समजून निर्णय घेतो. महाभारतातील मूळ कथेत मरताना वराहाचे राक्षसरूप पुन्हा प्रकट होते, म्हणजे संशय खरा ठरतो. परंतु त्याच वेळी दुसऱ्या बाजूने आलेला बाण कोणाचा, हे मात्र अर्जुनाला कळत नाही. वराह ओळखला, किरात ओळखला नाही. त्या न ओळखण्यातूनच पुढचा वाद, युद्ध आणि अखेर शिवाचा प्रसाद निर्माण होतो. लक्ष्याविषयी विवेक झालेला असल्यामुळे ही चूक मंगल ठरली.

३

आता रात्रीकडे वळावे. अयोध्याकांडात दशरथ आपली जुनी कथा स्वतः कौसल्येला सांगतो. कुमारवय, पावसाळ्याचे दिवस, सरयूचा तीर. रात्री पाण्यावर येणारा रेडा, हत्ती किंवा दुसरे एखादे श्वापद मारावे, ही इच्छा. घागर भरण्याचा आवाज येतो, तो त्याला हत्तीच्या गर्जनेसारखा वाटतो, आणि बाण सुटतो. मनुष्याचा शब्द त्यानंतर ऐकू येतो. आपण शब्दवेधी म्हणून नावाजलेले होतो, हे दशरथ आवर्जून सांगतो. तेथे वाल्मीकीने योजलेले ‘लब्धशब्द’ हे विशेषण अर्थपूर्ण आहे. ‘शब्द’ म्हणजे कीर्ती आणि ‘शब्द’ म्हणजे ध्वनी. ज्या शब्दाने मोठेपणा दिला, त्याच शब्दाने घात केला.

अंधारामुळे दशरथाचा अपराध सौम्य होतो, असे येथे कोणी म्हणू शकेल. अजाणता घडलेले कृत्य म्हणून ते क्षम्य, असा तो तर्क होय. वाल्मीकीची रचना मात्र याच्या उलट दिशेने जाते. अंधार अपघाताने आलेला नाही. दशरथाने तो निवडला आहे. न पाहता मारता येते, हेच त्याच्या कौशल्याचे मर्म आहे, आणि त्या कौशल्याची हौस भागविण्यासाठीच तो रात्री नदीवर आला आहे. तेव्हा अज्ञान हे निमित्त नसून तोच त्या खेळाचा नियम ठरतो.

यापुढील प्रसंग वाल्मीकीच्या प्रतिभेची खरी साक्ष देतो. तापसकुमाराच्या अंगातील बाण दशरथ काढतो, कुमार मरतो, आणि राजा घागर भरून त्याच्या अंध मातापित्यांकडे जातो. पावलांचा आवाज ऐकून वृद्ध मुनी म्हणतो की बाळा, उशीर का केलास, पाणी आण. म्हणजे ध्वनीवरून ओळखण्याची चूक येथे दुसऱ्यांदा घडते. नदीवर राजाने मनुष्याच्या आवाजाला पशूचा आवाज समजले. आश्रमात पित्याने मारणाऱ्याच्या पावलांना मुलाची पावले समजले. पहिल्या चुकीत हौस होती. दुसरीत केवळ वात्सल्य आणि अंधत्व आहे. ज्यांना कानावाचून दुसरा मार्गच नाही, अशांच्या समोर, डोळे असून कानावर विसंबणारा राजा उभा आहे. यापुढे त्याच्या बचावात काही बोलण्याची कवीला गरज उरत नाही.

कथेची चौकटही लक्षात घेण्याजोगी आहे. दशरथ हे सर्व रात्री सांगत आहे, आणि सांगता सांगता त्याची दृष्टी जात आहे. कौसल्या त्याला दिसत नाही. तिने आपणास स्पर्श करावा, असे तो म्हणतो. अंध पित्याने मृत पुत्राला हातांनी चाचपले होते. आता पुत्रवियोगी दशरथही स्पर्शावर येऊन ठेपला आहे. शापाचे शब्द बाजूला ठेवले तरी शापाची फलश्रुती या एका तपशिलात पुरी झालेली दिसते.

४

कालिदासाने हीच कथा घेतली आणि तिच्यातील रात्र काढून टाकली. वर्षाऋतूऐवजी वसंत, सरयूऐवजी तमसा. ‘रघुवंशा’त राजा एक रात्र वनात एकटा घालवितो खरा, परंतु ती रात्र फुलापानांच्या शय्येची व औषधींच्या दिव्यांची आहे, तीत एकही बाण सुटत नाही. त्यानंतर रुरुमृगाच्या मार्गाने घोड्यावरून जाताना तो तमसेवर पोहोचतो आणि घागरीचा आवाज ऐकून शब्दपाती बाण सोडतो. तेथे अंधाराचा उल्लेख नाही. कुमार वेताच्या झुडपाआड होता, एवढेच सांगितले आहे.

हा बदल का केला असावा? उत्तर त्या श्लोकाच्या अर्थान्तरन्यासात आहे. राजाला जे निषिद्ध, म्हणजे वन्य गजाचा वध, ते दशरथाने केले. कारण रजाने डोळे मिटले की ‘श्रुतवंत’ही आडमार्गाला पाऊल टाकतात. बाहेरचा काळोख कालिदासाने राजाच्या अंतःकरणात नेला आहे. ‘श्रुतवंत’ हा शब्दही हेतुपूर्वक आला असावा, कारण पाचव्या सर्गात दशरथाचा पिता अज याला नेमके हेच विशेषण लाविले आहे. नर्मदेच्या तीरावर चालून आलेला वन्य गज राजाला अवध्य आहे हे अज शिकलेला होता, म्हणून त्याने धनुष्य फार न ओढता, त्याला परतविण्यापुरता बाण मारला. आणि त्या गजाच्या जागी शापमुक्त गंधर्व उभा राहिला. पित्यासमोर खरा हत्ती असून हात आवरला गेला. पुत्रासमोर हत्ती नसताना हात आवरला गेला नाही. दोन्ही प्रसंगी बाणानंतर पशूच्या जागी दुसराच कोणी निघतो. एकदा त्याची मुक्ती होते, एकदा त्याचा मृत्यू.

ही योजना अत्यंत रेखीव आहे. तरीही या एका प्रसंगापुरते पाहता वाल्मीकीचे पारडे जड ठरते. कालिदासाचा कुमार शल्यासह मातापित्यांकडे आणला जातो; त्यामुळे पावलांचा आवाज ऐकून फसण्याचा क्षण लोप पावतो. पुढे अपुत्र राजा शापालाच अनुग्रह मानतो आणि दुःखाला वंशवृद्धीच्या आशेची किनार लागते. दोषाचे निदान स्पष्ट झाले, परंतु ऐकणे आणि ओळखणे यांमधील दरी, जी या कथेचा गाभा आहे, ती अरुंद झाली.

५

मराठीत या प्रश्नाचे तिसरे रूप श्रीधराने शके १६४० मध्ये (१७१८) बारामती येथे रचिलेल्या ‘शिवलीलामृता’च्या दुसऱ्या अध्यायात आढळते. शिवरात्रीच्या रात्री पाण्याकाठच्या बेलाच्या झाडावर व्याध धनुष्य घेऊन बसला आहे. परिस्थिती दशरथाचीच आहे: रात्र, पाणवठा, दबा. परंतु हा व्याध दृष्टीआड येणारी पाने खुडून खाली टाकतो. त्याला पाहावयाचे आहे. ती पाने लिंगावर पडतात आणि नकळत पूजा घडते. त्यानंतर आलेली हरिणी मनुष्यवाणीने बोलते, आणि तीही बाण सुटण्यापूर्वी. सरयूच्या तीरावर मनुष्याचा आवाज पशूचा वाटला होता. येथे पशूच्या मुखी मनुष्याची वाणी आली आहे. व्याध ऐकतो, मुदत देतो, आणि अखेरीस कोणाचाही वध होत नाही.

व्रतमाहात्म्य हा श्रीधराचा उद्देश होता, आणि दशरथकथेला उत्तर देण्याचा हेतू त्याच्या ठायी कल्पिण्याचे कारण नाही. तरीही दोन्ही कथा शेजारी ठेवल्या म्हणजे त्यांतील भेद नजरेस येतो. व्याधाचा उदरनिर्वाह शिकारीवर होता. राजाला ती हौस होती. राजाजवळ दुर्मिळ विद्या होती, व्याधाजवळ ती नव्हती, आणि नव्हती म्हणूनच त्याला पाने बाजूला सारून पाहावे लागले व ऐकून घ्यावे लागले.

रात्रीच्या मृगयेचे वर्णन हे वनवर्णनाचे एक अंग म्हणून वाचल्यास हे सर्व हातून निसटते. कौशल्य ज्ञानाच्या पुढे धावले असता काय होते, याचा विचार आपल्या कवींनी या निमित्ताने केला आहे. रात्रीची वेळ, पाणवठा, आवाज आणि बाण सुटण्याचा क्षण यांचा क्रम प्रत्येक कवीने कसा लावला, याकडे लक्ष दिल्यास त्या कवीची नीतिदृष्टी टीकाकारांच्या अवतरणांपेक्षा अधिक विश्वासाने सांगता येईल.