रिकामी न्यायासने

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचे निमित्त साधून १९७४ ते १९७६ या काळात २४ छायाचित्रकार त्या देशातील लहान गावांतून मोटारीने हिंडले. तेथील काउंटी कोर्टहाउसांची छायाचित्रे घेणे एवढेच त्यांचे काम होते. हजाराहून अधिक इमारती या दौऱ्यांत टिपल्या गेल्या. रिचर्ड पेअर यांनी त्यांतून निवड करून सिद्ध केलेला 'कोर्ट हाउस : अ फोटोग्राफिक डॉक्युमेंट' हा ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला, मूळ संग्रह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. वास्तुकलेचा ग्रंथ म्हणूनच तो सहसा चाळला जातो. परंतु त्याच्या पानापानातून एक अवघड प्रश्न डोकावत राहतो : न्यायाचे छायाचित्र घेता येते काय?

'कोर्टहाउस' याला मराठीत न्यायालय म्हटले की अर्धाच अर्थ हाती येतो. खटले तेथे चालतातच. पण जमिनीचे दस्त, कर, विवाहाच्या नोंदी, मृत्युपत्रे यांसाठीही लोकांना तेथेच जावे लागते. आपला जुना 'कचेरी' हा शब्द या वास्तूला अधिक शोभावा. घोडागाडीने एका दिवसात जाऊन परतता यावे, या हिशेबाने कित्येक काउंट्यांची ठाणी वसली, असे मानले जाते. ज्या वाटेवर शेतकऱ्याचा अख्खा दिवस जाई, ती वाट छायाचित्रकाराची मोटार तासाभरात कापते. त्यामुळे या भ्रमंतीला आपोआपच एक लय लाभली आहे : सपाट शेते, धान्याची उंच कोठारे, मग झाडांच्या शेंड्यांवर उठलेला घड्याळाचा मनोरा, आणि पुन्हा शेते.

या उपक्रमाचा खर्च सीग्रॅम या मद्यनिर्मात्या कंपनीने उचलला होता. (दक्षिणेतील कित्येक काउंट्या त्या काळी दारूबंदीच्या होत्या, हा योगायोग गमतीचा म्हणायचा.) त्यामागची प्रेरणा फिलिस लँबर्ट यांची. न्यूयॉर्कमधील सीग्रॅमच्या मनोऱ्यासाठी मीस व्हान डर रोह या वास्तुकाराची निवड त्यांनीच घडवून आणली होती. काच आणि धातूची ती निरलंकार वास्तू १९५८ मध्ये पूर्ण झाली. आणि तिच्याशी इतके जवळचे नाते असलेल्या व्यक्तीनेच कमानी, घुमट व कोरीव दगड यांचा हा शोध आरंभावा, यात त्या काळच्या अभिरुचीतील पालट स्पष्ट दिसतो.

ग्रंथ भाबड्या गतकाळप्रेमात बुडाला नाही, याचे श्रेय छायाचित्रकारांच्या निवडीला द्यावे लागेल. स्टीफन शोर, निकोलस निक्सन आणि फ्रँक गोल्की हे १९७५ च्या रॉचेस्टर येथील 'न्यू टोपोग्राफिक्स' प्रदर्शनातही होते. माणसाने घडवलेली आणि बिघडवलेली भूमी भावविवश न होता पाहणे, ही त्या प्रदर्शनाची शिस्त होती. आठ बाय दहा इंची कॅमेऱ्याने रंगीत छायाचित्रे घेणारे शोर दिव्याच्या खांबाला, उभ्या मोटारीला, दुकानाच्या पाटीलाही इमारतीइतकेच लक्षपूर्वक न्याहाळतात. त्यामुळे कोर्टहाउस स्मारक न होता गावातली एक इमारत बनते.

टेक्सासमधील वॉक्साहाची येथील कोर्टहाउससारख्या वास्तूपुढे या संयमाची खरी कसोटी लागते. जेम्स रायली गॉर्डन यांची ही १८९७ ची इमारत. तांबडा वालुकाश्म, गुलाबी ग्रॅनाइट आणि त्यांत कोरलेले मानवी चेहरे. प्रेमभंग झालेल्या पाथरवटाने आपल्या प्रेयसीचा चेहरा उत्तरोत्तर कुरूप कोरत नेला, अशी आख्यायिका आहे. संशोधक तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत, प्रवासी ठेवतात. हौशी छायाचित्रकाराला असा दगड मोहात पाडतो, आणि मग मागे उरते ते सुंदर पोस्टकार्ड.

आक्षेप येथूनच सुरू होतो. या छायाचित्रांत माणसे फारच थोडी आहेत. न्यायदालनांची चित्रे आहेत, पण बाके रिकामी, ज्यूरीच्या खुर्च्या रिकाम्या. टेनेसीतील शेल्बीव्हिल पाहावे. चौकाच्या मधोमध कोर्टहाउस आणि चारी बाजूंनी दुकाने, या रचनेला भूगोलज्ञ एडवर्ड प्राइस यांनी १९६८ मध्ये याच गावाचे नाव दिले. तेथील कोर्टहाउस डिसेंबर १९३४ मध्ये जमावाने जाळले. एका कृष्णवर्णीय आरोपीचा बळी त्यांना हवा होता. नॅशनल गार्डने त्याला सैनिकाच्या गणवेशात बाहेर काढले, तेव्हा तो राग इमारतीवर निघाला. पुढच्याच वर्षी नवे कोर्टहाउस उभे राहिले, देखणे आणि प्रमाणबद्ध. त्याच्या दर्शनी भागाचे छायाचित्र कितीही निर्दोष घेतले तरी त्यात त्या रात्रीची राख दिसणार नाही. मिसिसिपीतील समनरच्या कोर्टहाउसमध्ये सप्टेंबर १९५५ मध्ये १४ वर्षांच्या एमेट टिल या मुलाच्या खुनाचा खटला चालला. केवळ गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने ६७ मिनिटांत आरोपींना निर्दोष ठरवले. तेथील दालन आता १९५५ मधील रूपात परत आणले आहे आणि २०२३ पासून ती वास्तू राष्ट्रीय स्मारकाचा भाग आहे. तेथे खुर्च्यांचे रिकामेपण बोलते. कारण पाहणाऱ्याला ती ६७ मिनिटे ठाऊक असतात. 'कोर्ट हाउस'मधल्या रिकाम्या खुर्च्या अशा ज्ञानावाचून पाहिल्या जातात, आणि रिकामेपणाची जागा मग शांततेचा भास घेतो.

विल्यम क्लिफ्ट यांनी १९७६ मध्ये घेतलेले सेंट लुइसच्या जुन्या कोर्टहाउसचे छायाचित्र मात्र या मर्यादेपलीकडे जाते. त्यात इमारत समोर नाहीच. नव्या वास्तूच्या काचांत तिचे प्रतिबिंब पडले आहे, तावदानांच्या रेषांनी छेदलेले. ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेले १८४७ आणि १८५० चे खटले याच कोर्टहाउसमध्ये चालले. दुसऱ्यात तो मुक्त ठरला, वरिष्ठ न्यायालयांनी ती मुक्ती हिरावून घेतली. याच इमारतीच्या पायऱ्यांवर गुलामांचे लिलावही होत. क्लिफ्ट हे काही सांगत नाहीत. पण घुमटाची ती तुटलेली, हेलकावणारी आकृती सरळ रेषेतल्या दर्शनी चित्रांपेक्षा सत्याच्या अधिक जवळ जाते. संपूर्ण ग्रंथ याच धाडसाने रचला असता तर तो वास्तुकलेच्या कपाटात अडकून पडला नसता.

दस्तऐवज म्हणून या छायाचित्रांचे मोल मात्र ज्या कारणासाठी ती घेतली गेली त्याहून निराळ्या कारणाने वाढत आहे. कोर्टहाउससमोरचे चौक आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. जॉर्जियातील डिकेटर येथे जुन्या कोर्टहाउसच्या चौकात १९०८ साली उभारलेला कॉन्फेडरेट स्मारकस्तंभ जून २०२० मध्ये हलवण्यात आला, आणि त्या जागी ऑगस्ट २०२४ मध्ये नागरी हक्कांच्या चळवळीतील जॉन लुइस यांचा पुतळा बसला. इमारत तीच आहे. पण तिच्यासमोर कॅमेरा लावणाऱ्याला तिवईची जागा नव्याने शोधावी लागते.